देवाखाली ठेवलेलं पत्र

देवीपुढे दिवा लावायला हात धजू नये, असे चार महिने माझ्या आयुष्यात येऊन गेले. दिवा मी लावत होते, नाही असं नाही. घरातल्या बाईला तो लावावाच लागतो. पण वात पेटली की मी तोंड फिरवून स्वयंपाकाकडे वळायची. सप्तशृंगीचा टाक आमच्या घरात माझ्या सासूबाईंच्याही आधीपासून आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून रोज मी त्या चेहऱ्याकडे बघत आले. आणि त्र्याऐंशी सालच्या त्या पावसाळ्यात मला तिच्याकडे बघवत नव्हतं, कारण तिच्या आसनाखाली मी एक पाप लपवून ठेवलं होतं.

हे सगळं आज लिहिते आहे ते कोणी मला चांगलं म्हणावं म्हणून नाही. मी चांगलं वागले नाही. पण जे घडलं ते मनात तसंच ठेवून जाऊ नये, असं आता वाटतं.

मला दोन मुलगे. थोरला विनायक, धाकटा माधव. आम्ही नाशकात, पंचवटीत दोन खोल्यांत राहायचो. मुलांचे वडील जकात नाक्यावर कारकून होते, पाळ्या बदलत्या, त्यामुळे मुलं माझ्याच अवतीभवती वाढली. शाळेत सोडायला मी, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पोहायला शिकायची तर काठावर कपडे धरून उभी मी, गोवर आला तर उशाशी मी. मला दुसरं काही आयुष्य नव्हतं आणि हवंही नव्हतं. मुलं मोठी होतात हे काय मला कळत नव्हतं? पण ती एकदम मोठी होत नाहीत, रोज थोडीथोडी निसटतात. एके दिवशी विनायक म्हणाला, "आई, केस मी पुसतो." मग ताट स्वतः वाढून घ्यायला लागला. मग शर्टाचं कापड स्वतः पसंत करून आला. प्रत्येक वेळी शेजारणी म्हणायच्या, किती गुणाचा आहे हो. मीही हसून हो म्हणायची, आणि आत येऊन उगीचच डबे पुसत बसायची.

विनायक फिटरचं शिकला आणि विसाव्या वर्षी मस्कतला गेला. पहिल्या वर्षी दर पंधरा दिवसांनी पत्र यायचं. आज काय खाल्लं, उकाडा किती आहे, खोलीत कोण कोण आहे, सगळं लिहायचा. नंतर महिन्याने, मग सणावारी. पत्रं आखूड होत गेली. दोन वर्षांनी सुटीवर आला तेव्हा मी त्याच्या आवडीची वांग्याची भाजी केली. तो म्हणाला, "छान झालीय, पण आता मला इतकं तिखट चालत नाही." एवढंच. वाईट काही बोलला नाही. पण तो मला आमच्या घरी आलेला पाहुणा वाटला, आणि तो परत गेल्यावर मी देवीपुढे बसून म्हटलं, एक नेलास, आता दुसरा तरी माझ्याजवळ राहू दे.

माधव स्वभावाने वेगळा. कमी बोलायचा. तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केला, चांगल्या मार्कांनी पास झाला आणि अर्ज करत सुटला. कुठे कुठे अर्ज केले हे मला सांगायचा नाही, वडिलांना सांगायचा. मी विचारलं की म्हणायचा, "बघू गं, अजून कशात काही नाही." सातपूरला एवढे कारखाने निघाले होते, सायकलवर जाऊन संध्याकाळी घरी येता आलं असतं. मी तसं सुचवलं की तो नुसता मान हलवायचा.

जूनमधली गोष्ट. माधव इगतपुरीला मावशीकडे गेला होता, हे नाक्यावर होते. दुपारी आमचे पोस्टमन सोनवणे आले. पंधरा वर्षं आमच्या भागात टपाल टाकत होते. विनायकचं पत्र असलं की कोपऱ्यावरूनच सायकलची घंटी वाजवायचे, मी दारात येऊन उभी राहावी म्हणून. त्या दिवशी त्यांच्या हातात लांबट खाकी पाकीट होतं. "माधवरावांचं दिसतंय, वहिनी. कारखान्याचं आहे. पेढे तयार ठेवा," म्हणाले. ऊन फार होतं. मी त्यांना पाणी दिलं, त्यांनी ओट्यावर बसून पिऊन घेतलं आणि गेले.

पाकीट मी उघडलं. दुसऱ्याचं पत्र उघडू नये हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण हात थांबला नाही. इंग्रजी मला बेताचंच येतं, तरी गावाचं नाव कळलं. पार मध्य प्रदेशाच्या टोकाला. मुलाखतीची तारीख कळली. मग उठले, देव्हाऱ्यातले देव उचलले, लाल वस्त्राची घडी वर केली, पाकीट खाली सरकवलं आणि देव पुन्हा होते तसे मांडले. देवीला म्हटलं, तूही आईच आहेस. तू सांभाळ.

माधव परत आला तेव्हा मी काही बोलले नाही. मुलाखतीचा दिवस आला आणि गेला. त्या दिवशी मी त्याच्यासाठी साटोऱ्या केल्या. तो म्हणाला, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "सहज."

वाटलं होतं की एकदा तारीख टळली की मन निवांत होईल. ते झालं नाही. रोज संध्याकाळी हा मुलगा दारात बसून टपालाची वाट बघायचा आणि मी मागून त्याची पाठ बघायची. हळूहळू तो खचत चालला. जेवण कमी झालं. एकदा वडिलांना म्हणताना ऐकलं, "माझ्यातच काही कमी असेल, बाबा. नाहीतर एक तरी बोलावणं आलं असतं." तेव्हाच मी पाकीट काढून द्यायला हवं होतं. आता देऊन काय उपयोग, असं मी स्वतःला समजावलं. खरी गोष्ट अशी की मला भीती वाटली. आधी तो दूर जाईल याची होती, आता तो मला ओळखेल याची.

गणपतीत त्याचा वर्गमित्र घरी आला. त्याच कारखान्यात लागला होता, सुटीवर आला होता. चहा पिताना म्हणाला, "माधव, तू का नाही आलास? यादीत तुझं नाव माझ्या वरती होतं. मी वाट पाहिली तुझी." माधवने कप खाली ठेवला. त्याने कारखान्याला लिहिलं. पंधरा दिवसांत उत्तर आलं की बोलावणं अमुक दिवशी तुमच्या पत्त्यावर धाडलेलं आहे, आता जागा भरल्या आहेत. साधं टपाल होतं, कोणाची सही नाही, काही नाही. माधवने सरळ पोस्टात जाऊन तक्रार लिहून दिली की आमच्या पोस्टमननी पत्र गहाळ केलं.

सोनवण्यांचं टपाल वाटण्याचं काम थांबवून त्यांना पोस्टातल्या आतल्या कामाला बसवलं, चौकशी होईपर्यंत. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. एके दिवशी दुपारी ते आमच्या दारात आले. अंगात खाकी कपडे नव्हते, पांढरा सदरा होता, त्यामुळे आधी मी ओळखलंच नाही. घरात मी एकटी होते.

"वहिनी, लांब पाकीट होतं. जूनमध्ये. मी तुमच्या हातात दिलं. आठवून बघा."

मी म्हटलं, "मला नाही आठवत, भाऊ."

"तुम्ही पाणी दिलंत मला. मी इथेच बसलो होतो."

"पाणी मी कितीदा तरी देते."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं, माझी खात्री आहे. पण ते भांडले नाहीत. "बरं. आठवलं तर सांगा," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. मी दार लावून घेतलं. आयुष्यात मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. तरीही मी गप्प राहिले. एका भल्या माणसाच्या नावाला माझ्यामुळे बट्टा लागतो आहे हे दिसत असून मी भाजी चिरत होते, पाणी भरत होते. देवाचं नाव घ्यायची मला लाज वाटत होती. माझ्यासारखीला कुठून क्षमा मिळणार, आणि मागायची तरी कोणत्या तोंडाने? गंगेवर कपडे धुवायला गेले की पाण्याकडे बघताना नको नको ते मनात यायचं.

मग नवरात्र तोंडावर आलं. घटस्थापनेच्या आधी सगळे देव उतरवून घासायचे, खालचं वस्त्र बदलायचं, ही आमच्या घरची रीत. त्या वर्षी हे म्हणाले, "मला सुटी आहे, देव मी घासतो." आता ते पाकीट तिथे राहू शकत नव्हतं. सर्वपित्रीच्या सकाळी मी ते काढलं, पिशवीत निर्माल्याखाली घातलं आणि गंगेवर निघाले. ते पाण्यात सोडून द्यायचं, एवढंच मनात होतं. एकदा ते वाहून गेलं की मी सोडून कोणालाच काही कळणार नव्हतं.

अमावास्येमुळे रामकुंडावर पाय ठेवायला जागा नव्हती. जिथे तिथे पिंडदान चाललेलं, भटजींचे मंत्र, ओली धोतरं. मी गर्दीपासून जरा बाजूला, खालच्या अंगाला जाऊन पायरीवर बसले. पाकीट बाहेर काढलं. आणि कोण जाणे का, ते हातातून सुटेना. सोडायचं म्हणून दोनदा वाकले आणि दोनदा परत बसले.

"बाई, तुमाला वाचाया येतं का?"

शेजारी एक बाई येऊन बसली होती. माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान असावी, पण उन्हाने रापलेली. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, अनवाणी. पेठकडच्या डोंगरातली होती, हे तिनेच पुढे सांगितलं. मी मान हलवल्यावर तिने कमरेची चंची सोडली आणि आतून घडी घालून घालून मऊ पडलेलं निळं आंतर्देशीय पत्र काढलं. उघडलेलंसुद्धा नव्हतं.

"माझ्या ल्येकाचं हाय. वाचून दावा."

तिचा मुलगा दिंडोरीकडे विहिरीच्या कामावर गेला होता. दरड अंगावर येऊन गेला. मरणाची खबर आधी आली आणि हे पत्र मागून चार दिवसांनी आलं. त्याच्या अस्थी घेऊन ती आज दिरासोबत आली होती. दीर तिकडे भटजींपाशी बसला होता. मी विचारलं, गावात कोणी वाचून नाही दाखवलं? ती म्हणाली, "वाचनारे हायेत की. पन गावात वाचलं तर समदे ऐकत्यात. मला येकटीलाच ऐकायचं व्हतं. त्याला गंगेत द्यायच्या आदी."

मी पत्र फोडलं. मुलगा चौथीपर्यंत शिकला असावा, अक्षर मोठं मोठं आणि वाकडं. मी हळू वाचू लागले. आई, मी खुशाल आहे. इथे काम चांगले आहे. माणसे चांगली आहेत. नागलीची लावणी झाली का. माझी काळजी करू नको. भाकरी मी स्वतः थापतो. पहिल्यांदा करपली, सगळे हसले. आता गोल होते.

मला पुढे वाचवेना. मी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती रडत असेल. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती. खरंच हसत होती, जसा मुलगा समोर बसून सांगतो आहे.

"भाकर थापाया लागला? माझ्या हातची सोडून कोनाची खात नव्हता त्यो. गोल व्हती म्हनतो?"

"हो. गोल होते असं लिहिलंय."

"परत वाचा तेवढं."

मी परत वाचलं. तीनदा वाचायला लावलं तिने. आणि दर वेळी तिच्या चेहऱ्यावर तेच. मुलगा गेलेला, अस्थींचं गाठोडं पलीकडे ठेवलेलं, आणि ही आई त्याला तिच्यावाचून भाकरी करता येऊ लागली या एका गोष्टीने भरून पावत होती. मी सुशिक्षित म्हणवणारी, माझा मुलगा जिवंत, धडधाकट, घरात बसलेला. आणि त्याला स्वतःची भाकरी मिळवता येऊ नये म्हणून मी काय करून बसले होते!

तिने पत्र परत चंचीत ठेवलं. मग माझ्या हातातल्या पाकिटाकडे बघून म्हणाली, "तुमच्याबी ल्येकाचं का?"

"त्याला आलेलं आहे."

"मंग हितं कशाला आनलं? त्याचं त्याला द्या की."

दोषाचा सूर नव्हता त्यात. रस्ता विचारणाऱ्याला रस्ता सांगावा, तसं म्हणाली. तेवढ्यात दिराने हाक मारली आणि ती उठून गर्दीत गेली. मी तिचं नाव विचारलं नव्हतं. तिला शोधावं म्हणून उठले, घाटभर दोन फेऱ्या मारल्या, पण त्या दिवशी तिथे तशी शेकडो माणसं होती. ती पुन्हा दिसली नाही. कोणी म्हणेल योगायोग. मी वाद घालणार नाही. मी एवढंच सांगते की चार महिने जिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती, ती माझ्याशी बोलली असं मला त्या पायरीवर वाटलं, आणि आजही वाटतं.

घरी आले. माधव टेबलाशी अर्ज लिहीत होता. मी पाकीट त्याच्यासमोर ठेवलं. त्याने आधी पत्ता पाहिला, मग शिक्का, मग फोडलेली कड.

"कुठे होतं हे?"

"माझ्याजवळ. जूनपासून. देवाखाली ठेवलं होतं."

"देवाखाली," तो म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठला, चपला घातल्या आणि बाहेर गेला. हे तिथेच बसून देव घासत होते. राखेने भरलेले हात तसेच धरून माझ्याकडे बघत म्हणाले, "मला तरी सांगायचं होतंस." इतक्या वर्षांत त्यांच्या आवाजात तसं कधी काही ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घट बसवून मी पोस्टात गेले. साहेबांसमोर सगळं लिहून दिलं, खाली सही केली. सोनवण्यांना बोलावलं होतं. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते झटकन मागे सरले. "नको, वहिनी. मी रागावलो नाही. पण पंधरा वर्षं तुमच्या दारी येत होतो. तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मला माझ्याच आठवणीची शंका यायला लागली होती. तेवढं फार लागलं." त्यांना त्यांचं काम परत मिळालं. निवृत्त होईपर्यंत आमच्या घरी टपाल आणत राहिले, पण ओट्यावर बसले नाहीत. पाणी विचारलं की म्हणायचे, "आत्ताच प्यालो."

माधव मार्गशीर्षात गेला. गुजरातेत एका लहानशा कारखान्यात जागा मिळाली, आधीच्या मानाने किती तरी हलकी. पेटी त्याने स्वतः भरली. मी दारात उभी होते, काही हातात द्यायचं धाडस झालं नाही. वडिलांना वाकून नमस्कार केला आणि माझ्या बाजूने, मला ओलांडून पायऱ्या उतरला. त्यानंतर पत्रं येत, तीर्थरूप बाबांस. शेवटी माझ्यासाठी एक ओळसुद्धा नसे. विनायकने मस्कतहून लिहिलं, आई, तू असं कसं केलंस? त्याला मी उत्तर लिहू शकले नाही. ती तीनसाडेतीन वर्षं कशी गेली, सांगता येत नाही. दोन खोल्यांत आम्ही दोघं, आणि मधे न बोललेलं सगळं. खरं बोलले म्हणून माझं दुःख हलकं झालं, असं कोणी समजू नये. ते वाढलं. मुलाला धरून ठेवायला गेले आणि माझ्याच हाताने घालवून बसले, हे रोज सकाळी उठल्यावर पहिलं आठवायचं. फरक एवढाच होता की आता दिवा लावताना मी तोंड फिरवत नव्हते. देवीकडे बघून रडता तरी येत होतं. मागणं मात्र काही मागितलं नाही. मागण्यानेच एवढं केलं होतं.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात एके दिवशी सकाळी माधव दारात उभा. कामानिमित्त मुंबईला आला होता, वाट वाकडी करून आला. वजन वाढलं होतं, कपाळावरचे केस मागे गेले होते. वडिलांशी बराच बोलला. माझ्याशी दोनचार वाक्यं. मी साधं वरण-भात, पोळी-भाजी केली. त्याने भात दोनदा घेतला. दुपारच्या गाडीने निघायचं होतं. ह्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून मीच बसस्टँडपर्यंत गेले. रिक्षात आम्ही दोघं शेजारी बसलो होतो आणि माझ्या ओठांवर सारखं येत होतं, पुन्हा कधी येशील? तिकडे कोण करून घालतं? मला क्षमा केलीस का? एकही प्रश्न मी विचारला नाही. ते सगळे प्रश्न म्हणजे त्याला धरायला पुढे केलेले हातच होते, हे आता मला कळत होतं. गाडी लागली. तो चढला, खिडकीपाशी बसला. मी खाली उभी.

मी म्हटलं, "नीट जा."

गाडी सुरू झाल्यावर त्याने खिडकीतून वाकून पाहिलं. "आई," तो म्हणाला, "उन्हात उभी राहू नकोस. घरी जा."

साडेतीन वर्षांनी त्याने मला आई म्हटलं. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत मी तिथेच, उन्हातच उभी राहिले. मग मागे वळून पायी घरी आले. वाटेत रामकुंडापाशी थांबून ओंजळभर पाणी सोडलं, पेठकडच्या त्या बाईसाठी आणि तिच्या मुलासाठी. माझ्यासाठी काहीच मागायचं नव्हतं. माझी मुलं माझी नव्हेत, मला काही वर्षं सांभाळायला दिली होती, हे समजायला मला एवढं सगळं मोडावं लागलं. ज्याने ती दिली त्यानेच ती पुढे न्यावीत. त्यातलं एक त्या दिवशी माझ्याकडे वळून बघून गेलं, हेच पुष्कळ झालं.